नरांच्या खुराड्यातलं अंडं

१

"वन्सं, खून झालाय. असाल तशा या."

सकाळी फोन उचलला तर वहिनीचं हे पहिलं वाक्य. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. दादाचं वय झालेलं, त्यात त्याचं दुकान रस्त्याला लागून.

"कुणाचा गं?"

"बाळ्याचा."

बाळ्या म्हणजे तिचा कोंबडा. माझा जीव भांड्यात पडला, पण हे मी तिला सांगितलं नाही. वहिनीला मूलबाळ नाही. परसातल्या कोंबड्यांवर तिनं जेवढी माया केली तेवढी लोक सख्ख्या पोरांवर करत नाहीत.

मी विमा कंपनीत सर्वेअर होते. गोदाम जळालं, ट्रक उलटला, की मला पाठवायचे. अपघात की बनाव, एवढंच पाहून सांगायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरच्यांच्या लेखी मी अजून ड्यूटीवरच असते.

दादाचं घर आणि आमच्या धाकट्या भावाचं घर शेजारी शेजारी. मागचं परस दोघांत एकच, मध्ये कमरेएवढं कुंपण. धाकटा जहाजावर नोकरीला. घरी त्याची बायको आणि दहा वर्षांची बिट्टी. परसाच्या मागच्या भिंतीपलीकडे क्लॅरनेट शिकवणारे सर राहतात.

वहिनी खुराड्याच्या दाराशी ओट्यावर बसली होती. रडून झालं होतं. आता डोळ्यांत पाणी नव्हतं, निखारे होते.

"त्या क्लॅरनेटवाल्यानं मारलं," ती म्हणाली. "भिंतीवरून ओरडला होता, 'एक दिवस सगळ्यांच्या मुंड्या मुरगाळीन.' सगळ्या गल्लीनं ऐकलंय. तुम्ही फक्त हो म्हणा वन्सं, पुढचं मी बघते. त्याला या गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही."

"आधी बघू तर दे. कशाला हात लावलास?"

"तुम्ही नेहमी सांगता ना, हात लावू नका म्हणून? अंडी पोचवून आले, दार उघडलं, हा असा पडलेला. उलट्या पावली बाहेर आले आणि तुम्हाला फोन केला. तेव्हापासून इथून हललेली नाही."

मी वाकून आत गेले. जाळीला आतून रक्ताचे शिंतोडे होते. बाळ्या कोपऱ्यात पडला होता. काळी-पांढरी ठिपकेदार पिसं, पायात हिरवं कडं, मान वाकडी. दुसरे दोन कोंबडे, गुंड्या आणि ठोंब्या, दांडीच्या दोन टोकांना पंख पाडून बसलेले. मान कुणीही मुरगाळली नव्हती. बाळ्याच्या छातीवर आणि डोक्यावर खोल भोकं होती, सुयानं भोसकावं तशी. कोंबड्याच्या पायामागे जो टोकदार काटा असतो, त्याच्याच त्या जखमा.

"वहिनी, सरांना विसर. हे या दोघांनी केलंय."

"शक्य नाही!" ती ताडकन उठली. "एकाच उबवणीची पिल्लं आहेत ती. अंड्यातून बाहेर आल्यापासून एकत्र आहेत. साधी चोच मारलेली मी पाहिली नाही."

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात पाय गवताला लागला. गवताच्या खळग्यात काहीतरी होतं. मी ते उचलून उजेडात धरलं.

"वहिनी, या खुराड्यात फक्त नर असतात ना?"

"फक्त नर."

"मग हे अंडं कुणी घातलं?"

२

वहिनीनं अंडं हातात घेतलं, फिरवून पाहिलं. गडद तपकिरी, मातीच्या पणतीसारखं.

"हे जाडीचं," ती हळूच म्हणाली. "एवढं गडद तिचंच असतं. पण जाडी तर तिकडे आहे. आत्ता दाणे टिपताना दिसली."

परसाच्या दुसऱ्या टोकाला मोठं खुराडं होतं. तिथे कोंबड्या, आणि त्यांच्यात रुबाबात फिरणारा तांबडा फौजदार. एवढ्या बायकांत तो एकटाच. दोन खुराड्यांच्या मध्ये वहिनीनं जाड ताडपत्री बांधलेली.

"ही ताडपत्री कशाला?"

"नजरेआड राहावं म्हणून. वन्सं, जास्त नर पाळायचे तर दोनच रस्ते. एकेका नरामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात. तेवढ्या नसतील तर एक नर कोंबड्यांत ठेवायचा आणि बाकीचे वेगळे. वेगळे ठेवले की ते गुण्यागोविंदानं राहतात. भांडायचं कशावरून? पण त्यांना कोंबडी दिसता कामा नये. एक जरी मध्ये सोडली..."

ती बोलता बोलता थांबली. तिनं अंडं ओट्यावर ठेवून दिलं.

"कोणीतरी जाडीला आत सोडलं," मी म्हणाले. "तिनं अंडं घातलं. काम झाल्यावर तिला उचलून परत जागेवर नेऊन ठेवलं. गवतात कुणी पाहिलं नाही, एवढंच चुकलं."

"पण तरी मरण येणार नाही! मी त्यांच्या काट्यांना टोप्या घालते. हे व्हॉल्व्हच्या रबराच्या कापून देतात, पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवतात. ओढून निघत नाहीत त्या."

'हे' म्हणजे दादा. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे.

मी पुन्हा आत गेले. गुंड्याचे पाय पाहिले. काटे उघडे, त्यांवर वाळलेलं रक्त. ठोंब्याचेही उघडे. रबर फाडलं नव्हतं, खरवडलं नव्हतं. सोल्यूशन आधी मऊ करून टोप्या अलगद उतरवल्या होत्या. वास घेतला तर रॉकेलचा. मग बाळ्याला उताणा केला.

त्याच्या दोन्ही काट्यांवर काळ्या टोप्या जशाच्या तशा होत्या.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली. ठोंब्याच्या तुऱ्याला चीर पडली होती आणि तिच्यावर जांभळं औषध लावलेलं होतं. नीट लावलेलं, कडेकडेनं, आणि पार वाळलेलं. वहिनीनं तर कशालाच हात लावला नव्हता. मी हे तिला बोलून दाखवलं नाही. जळक्या गोदामातही मी हाच नियम पाळायची, की जे मालकाला दिसलं नाही ते त्याला लगेच दाखवायचं नाही.

"काय झालं वन्सं? बोला ना."

"दोघांच्या हातात सुरे दिले होते," मी म्हणाले, "आणि तिसऱ्याचे हात बांधले होते. मध्ये भांडणाचं कारण आणून ठेवलं. ही मारामारी नव्हती वहिनी. ही फाशी होती, आणि ती बाळ्यालाच द्यायची हे ठरवून कुणीतरी आत आलं होतं."

तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मला वाटलं होतं ती चिडेल. ती घाबरली.

३

क्लॅरनेटवाल्या सरांनी दार उघडलं तेव्हा त्यांची बोटं जांभळट निळी होती.

मी बोटांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. "शाई," ते म्हणाले. "पोरांना स्वरलिपी लिहून देतो. पेन गळतं. या, बसा. तुमच्या वहिनींनी सकाळीच तिकडून ओरडून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय. कोंबडा मेला म्हणे?"

टेबलावर पानं वाळत पडली होती. मी सहज एका पानावर ओलं बोट फिरवलं. रंग पसरला, निळा. शाईच होती. आणि हा माणूस कोंबड्याच्या तुऱ्याला औषध लावत बसेल, हे मला जन्मात खरं वाटलं नसतं.

"तुम्ही मुंड्या मुरगाळणार होतात ना?"

"होतो. एकेकाच्या नाही, सगळ्यांच्या!" ते हसले. "आणि सुरुवात त्या तांबड्यापासून. त्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर दगड. पण तो तर धडधाकट आहे. मग माझा काय फायदा झाला?"

मुद्दा बरोबर होता. कोंबड्यांवर राग असलेला माणूस फौजदाराला सोडून कोपऱ्यातल्या गरीब बाळ्याला कशाला निवडेल?

"मेला कोणता?" त्यांनी विचारलं. "थांबा, मी सांगतो. आज सकाळपासून एक आवाज कमी आहे. शेवटाला फाटतो तो. बाकीचे बांग पुरी करतात. हा वर चढतो, आणि टोकाला काच तडकावी तसा तुटतो. तोच ना?"

"तुम्ही सगळे ओळखता?"

"रोज पहाटे कान फाटतात, ओळखणार नाही? त्याला तर त्या अपघाताच्या आधीपासून ओळखतो. बिट्टीला लागलं त्याच्याही आधीपासून."

मी खुर्चीत सरळ झाले.

बिट्टीच्या अपघाताचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. दीडेक वर्ष झालं असेल. परसात खेळताना सोन्या नावाचा कोंबडा तिच्या तोंडावर झेपावला. डावा डोळा गेला. सोन्या हा याच चार भावांमधला एक, वहिनीचा सगळ्यांत लाडका. त्याला दुसऱ्याच दिवशी कापला. दादानं स्वतः हॉस्पिटलात जाऊन बिट्टीच्या उशाशी बसून सांगितलं होतं, "बेटा, तो गेला. आता तो तुला कधी दिसणार नाही."

"सर, तो फाटका आवाज मध्ये कधी बंद पडला होता का? त्या अपघातानंतर?"

"एक आवाज बंद पडला खरा. पण तो नाही. गोल, गोड आवाजाचा होता एक, तो गेला." त्यांनी मान हलवली. "हा राहिला. मला काय, मी लक्ष दिलं नाही. पण बिट्टी माझ्याकडे शिकते ना? एक दिवस पाठ घेताना तो ओरडला आणि तिनं क्लॅरनेट खाली ठेवलं. म्हणाली, 'सर, हा तोच आहे.' मी म्हटलं, वेडे, तो मेला. ती म्हणाली, 'माझ्या तोंडाजवळ ओरडला होता तो. मला माहिताय.' वर मला शपथ घातली, आईला सांगू नका. आई काकूला जिवंत सोडणार नाही."

मी उठले. चहा तसाच राहिला. खुनाच्या तपासात पहिला प्रश्न असतो, मेलेला कोण. त्याच प्रश्नाचं उत्तर आम्ही चुकीचं धरलं होतं.

आज सकाळी जो मेला, तो सगळ्यांच्या लेखी दीड वर्षापूर्वीच मेलेला होता.

४

धाकटी वहिनी बेकरीत काम करते. त्या दिवशी तिची सुट्टी होती. ती अंगणात बिट्टीची सायकल पुसत होती. निळी, नवी कोरी, चाकांवर धूळ.

"ऐकलं मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना आनंद ना दुःख. "जाऊबाईंचा कोंबडा गेला. वाईट झालं. पण खरं सांगू ताई? मला रडू आलं नाही. माझ्या लेकीला लागलं तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या, आठवतं? 'पोरांनी कोंबड्यांत शिरायचंच कशाला?' तेव्हापासून मी ते कुंपण ओलांडलेलं नाही."

"आणि सोन्या?"

"त्याला भावजींनी संपवला. तेवढं एक त्या घरानं नीट केलं. नाहीतर मीच संपवला असता, आणि जाऊबाईंना समोर उभं करून."

ती हे एवढं सरळ बोलली की मी तिचे हात पाहिले. पांढरे स्वच्छ, नखं कापलेली. जांभळ्या औषधाचा डाग चार-चार दिवस जात नाही. आणि तिच्या सूडात लपवाछपवी बसत नव्हती. तिनं कुऱ्हाड घेतली असती आणि दिवसाढवळ्या सगळ्या गल्लीला बोलावलं असतं. रक्तबंबाळ झालेल्या दुसऱ्या कोंबड्याला मलमपट्टी करत ती थांबली नसती.

"सायकल छान आहे गं."

"भावजींनी स्वतः जोडून दिली. पण ही बया बसेल तर शपथ! मला म्हणते, एका डोळ्यानं भीती वाटते. आणि शाळेत मैत्रिणीची सायकल पळवते, बाईंनी सांगितलं मला." तिनं फडकं पिळलं. "भावजींचा एवढा जीव तिच्यावर, आणि ही कित्येक महिने त्यांच्याशी धड बोलत नाही. समोर आले की खोलीत जाऊन बसते. मागच्या आठवड्यात ते तिच्या दाराशी किती वेळ उभे होते. काय बोलणं झालं कोण जाणे. परत गेले ते चेहरा पार उतरवून."

मी तिथून उठून सरळ वहिनीकडे गेले. बाळ्याला तिनं टोपलीत ठेवून वर धुतलेलं फडकं पांघरलं होतं. मी फडकं काढलं, उजव्या पायाचं हाड वरपासून चाचपत खाली आले. पिसांखाली, गुडघ्याच्या वर, हाडाला गाठ लागली.

"वहिनी, लहानपणी पाय मोडला होता तो सोन्याचा ना? दादानं सायकलच्या तारेच्या खपच्या बांधल्या होत्या. मी आले होते तेव्हा. तू त्याला ड्रॉपरनं पाणी पाजत होतीस."

ती टोपलीशी खाली बसली.

"तू बाळ्याला कापलास. सोन्याच्या पायातलं कडं काढून त्याला बाळ्याचं हिरवं कडं घातलंस."

"चौघं सारखीच दिसायची," ती फडक्याच्या कडेशी बोटं चाळवत म्हणाली. "हे म्हणाले, आत्ताच्या आत्ता काप, मी पोरीला सांगायला जातोय. माझ्या हातात सुरी. तो माझ्याकडे बघत होता वन्सं. तळहातावर वाढवलेला जीव. नाही झालं माझ्याच्यानं. मग मी..." तिनं डोळे पुसले आणि एकदम मान वर केली. "केलं मी! केलं! पण म्हणून त्याला असं मारायचं? ज्यानं कुणी केलं त्याला मी सोडणार नाही. धाकटीनं केलं ना? सांगा. तिचं टाळकं मी या घराच्या उंबऱ्यावर फोडते की नाही बघा."

"धाकटीला आजही वाटतंय की सोन्या दीड वर्षापूर्वी मेला."

"मग कोणी?"

"बिट्टीनं आवाज ओळखला होता. आईला तिनं सांगितलं नाही. सरांनीही ते स्वतःजवळच ठेवलं." मी टोपलीवर फडकं पुन्हा ओढलं. "पण तिनं अजून एकाला सांगितलं, वहिनी. ज्यानं तिला शब्द दिला होता, त्याला."

५

दुकानाला त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. शटर अर्धं वर होतं. आत दादा पाटावर बसून एका सायकलची चेन उगाचच साफ करत होता. मला पाहून हसला.

"ये बेबी. लागला का खुनी?"

साठी उलटली तरी मी त्याच्यासाठी बेबीच. वहिनीला मी मागे थांबायला सांगितलं होतं, पण तिची सावली शटरखालून दिसत होती.

"लागत आलाय. दादा, सुट्टीच्या दिवशी हात एवढे काळे?"

त्याच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत ग्रीस होतं. इतकं ग्रीस चेनला लागत नाही. ते चोपडलेलं होतं.

"धंदाच असा आहे."

"हात धू."

"काय?"

"साबण घे आणि हात धू. मी पाणी घालते."

तो माझ्याकडे पाहत राहिला. लहानपणी मी खोटं बोलले की तो असाच पाहायचा. आज जागा बदलल्या होत्या. त्यानं चेन खाली ठेवली, कोपऱ्यातल्या बादलीशी गेला. मी तांब्यानं पाणी घातलं. काळं पाणी वाहून गेलं. मग त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वर आली, टोकापासून पेरापर्यंत जांभळी.

"ठोंब्याच्या तुऱ्यातून रक्त थांबत नव्हतं," तो म्हणाला. "त्याचा काय दोष?"

मी त्याला अडवलं नाही. त्यानं हात पुसले, जांभळी बोटं पाहिली आणि खाली बसला.

"मी तिच्या दाराशी गेलो होतो बेबी. म्हटलं, बाळा, काकानं काय चूक केली? सायकलवर बसत नाहीस, बोलत नाहीस. ती म्हणाली, 'तुम्ही खोटं बोललात. तो रोज ओरडतो.' मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, 'काका, माझा डोळा गेलाय, कान नाही गेला.'" त्यानं फडकं बाजूला टाकलं. "घरी आलो, ही बाहेर गेली होती. खुराड्यात शिरून एकेकाचा पाय चाचपला. गाठ लागली. मीच बांधलेला पाय."

"मग वहिनीला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं? दीड वर्षं मी त्या पोरीच्या डोळ्यात खोटारडा होतो, आणि ही मला रोज जेवायला वाढत होती! माझ्या तोंडून खोटं वदवलं हिनं. हॉस्पिटलात, त्या पट्टीबांधल्या तोंडासमोर." त्यानं जांभळी मूठ गुडघ्यावर आपटली. "मान मुरगाळली असती तर हिनं दोन दिवस रडून दुसरा पाळला असता. मला ते नको होतं. ही अख्ख्या गल्लीला शिकवते, नर कसे सांभाळायचे, कसे भांडत नाहीत. म्हटलं, तुझ्याच विद्येनं जाऊ दे तुझा लाडका. भावांच्याच पायांनी जाऊ दे. ही अंडी पोचवायला गेली आणि मी टोप्या उतरवल्या. जाडीला आणून सोडली. आणि उभा राहून पाहिलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. त्यानं जाळीशी येऊन माझ्याकडे पाहिलं एकदा. मी दार उघडलं नाही."

शटर खडखडत वर गेलं.

६

वहिनी दारात उभी होती. सकाळपासून जिचं तोंड धगधगत होतं, तिचं तोंड आता गार पडलं होतं.

"सूड घ्यायचा होता तर माणसावर घ्यायचा होता," ती म्हणाली. "मुक्या जिवावर नाही."

"माणसावरच घेतला," दादा म्हणाला. "तुझ्यावर."

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना मी भांडताना कितीदा पाहिलं होतं. भांडी आपटायची, अबोला धरायचा, संध्याकाळी पुन्हा एकाच ताटलीत पपई कापायची. हे तसं नव्हतं. दोघं एकमेकांकडे असे पाहत होते की मध्ये जाळी असती तर बरं झालं असतं.

"मी नाव कळल्यावर सोडणार नाही म्हटलं होतं," वहिनी म्हणाली. "आता ऐका. सोन्या माझा होता. तुम्ही त्याला मारलात. तुम्हाला माझ्याकडून भाकरतुकडा मिळेल, दुसरं काही मिळणार नाही. शब्दसुद्धा नाही."

"मिळू नये," दादा उठला. "मी बिट्टीकडे चाललोय. तिला काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. तू यायचं की नाही ते तुझं तू बघ."

तो निघाला. मी मागोमाग. गल्लीतून जाताना मागे वळून पाहिलं, तर वहिनीही येत होती, दहा हात अंतर ठेवून.

धाकटी अंगणातच होती. बिट्टी पायरीवर बसून क्लॅरनेटची पत्ती पुसत होती. काकाला पाहून उठायला लागली.

"बस बाळा," दादा खाली जमिनीवर बसला, तिच्या पायाशी. "तू आवाज ओळखला होतास, ते खरं होतं. सोन्या जिवंत होता. मला माहीत नव्हतं, पण मी शब्द दिला तेव्हा खात्री करून घ्यायला हवी होती. आज मी त्याला मारवला. आता तो खरंच नाही."

धाकटीच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती दादाकडे पाहत होती, मग तिची नजर कुंपणाशी थांबलेल्या वहिनीवर गेली आणि तिथेच रुतली.

बिट्टी मात्र विचारात पडली होती. तिनं आपला उजवा डोळा काकाच्या तोंडावर रोखला.

"मग तेव्हा कोण मेलं होतं?"

दादानं मान कुंपणाकडे वळवली.

"बाळ्या," कुंपणाकडून आवाज आला. वहिनीचा.

"बाळ्या तर माझ्या हातातून दाणे खायचा," बिट्टी म्हणाली. "त्यानं काय केलं होतं?"

वहिनीनं कुंपणाची काठी धरली. मला वाटलं ती काहीतरी सारवासारव करेल. तिला ते छान जमतं. पण तिनं मान खाली घातली.

"काही नाही गं. त्यानं काहीच केलं नव्हतं. मी दुसऱ्याला वाचवायला त्याला कापलं. आणि तुझ्या काकांना खोट्यात पाडलं. सगळं मीच."

बिट्टीनं एकदा तिच्याकडे, एकदा काकाकडे पाहिलं. "मला तो मेलेला नको होता," ती म्हणाली. "मला फक्त कुणीतरी खरं सांगायला हवं होतं." आणि क्लॅरनेट घेऊन आत निघून गेली. ना काकाला माफ केलं, ना काकूला.

धाकटी हळूहळू चालत कुंपणाशी गेली. दीड वर्षात पहिल्यांदा. मी दोन पावलं पुढे सरकले. तिचा हात उठला तर धरायची माझी तयारी होती. वहिनीही तीच वाट पाहत असावी. तिनं चेहरा पुढे केला होता.

"मार," वहिनी म्हणाली. "तुझा हक्क आहे. नाहीतर सांग, आत्ता सगळे कापते. गुंड्या, ठोंब्या, फौजदारसुद्धा. उद्यापासून या परसात बांग ऐकू येणार नाही."

"नाही जाऊबाई." धाकटीचा आवाज अगदी शांत होता, बेकरीत गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "एकालाही हात लावायचा नाही. चांगलं खाऊपिऊ घाला, जपा, खूप वर्षं जगवा त्यांना. माझी पोर दीड वर्षं रोज पहाटे तो आवाज ऐकत पडून राहिली आणि कुणाला काही बोलली नाही. आता तुमची पाळी. नरांचं खुराडं तिथून हलवा आणि तुमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली आणून ठेवा."

वहिनीनं खिडकीकडे पाहिलं.

"आजच," धाकटी म्हणाली. "मी उभी राहून बघणार आहे."

दादानं निमूटपणे खुराड्याची एक बाजू धरली. मग वहिनीनं दुसरी धरली. न बोलता, एकमेकांकडे न बघता, दोघांनी ते उचललं आणि खिडकीकडे न्यायला लागले. आत गुंड्या आणि ठोंब्या तोल सावरत दांडीवर उभे होते. धाकटी कुंपणाशी हाताची घडी घालून, खुराडं टेकेपर्यंत हलली नाही.